एक अँटेना, दोन बाजारपेठा : वाहिनी आणि कार्यक्रमपत्रिका यांचा मेळ कसा घालावा?

रेडिओ-टीव्ही दुरुस्ती आणि अँटेना बसविणे हा आपल्या समाजातील कितीतरी कारागिरांचा एके काळचा भरवशाचा धंदा होता. गावागावांतील मोहल्ल्यांत सोल्डरिंगचा वास येणारे असे एखादे दुकान असेच. पुढे केबल आली, डिश आली, आणि छपरावरच्या काड्या उतरल्या. दूरदर्शनच्या मनोऱ्यांवरून होणारे जुन्या पद्धतीचे ॲनालॉग प्रक्षेपणही मोजकी ठिकाणे सोडल्यास २०२२ पर्यंत देशभर बंद करण्यात आले. साहजिकच अँटेनाचे काम आता संपले, असा आपल्या कारागिरांचा समज झाला आहे.

परंतु जगात सर्वत्र तसे झालेले नाही. अमेरिकेत मनोऱ्यावरून हवेतून येणारे फुकट प्रक्षेपण आजही जोरात आहे. केबलची भरमसाट वर्गणी नको म्हणून पुष्कळ कुटुंबे पुन्हा छपरावर अँटेना चढवीत आहेत आणि त्यासोबत कार्यक्रम साठवून ठेवणारे यंत्र घेत आहेत. आपल्यातील अनेकांचे भाऊ, भाचे, जावई तेथे नोकरी-धंद्यानिमित्त राहतात. परदेशी कंपन्यांसाठी घरबसल्या संगणकावर याद्या तपासण्याचे काम करणारे तरुणही आपल्यात आहेत. या दोघांच्याही उपयोगी पडेल अशा एका प्रश्नाची उकल आम्ही आज करणार आहोत. टीव्हीवर काय पाहावे आणि काय पाहू नये, हे प्रत्येक घराने आपल्या विवेकाने ठरवावयाचे आहे. त्याची चर्चा येथे नाही. येथे विचार करावयाचा आहे तो फक्त हुन्नराचा.

प्रश्न असा : एकाच अँटेनावर दोन वेगवेगळ्या शहरांच्या वाहिन्या येत असतील, तर कोणत्या वाहिनीला कोणती कार्यक्रमपत्रिका जोडावयाची आणि ती बरोबर जोडली गेली हे कसे ओळखावयाचे?

मुंबईचे वेळापत्रक नागपुरात

प्रश्न परका वाटत असला तरी त्याचे मर्म आपल्याला चांगले ठाऊक आहे. रमजान जवळ आला की आपले अनेक दुकानदार स्वतःच्या जाहिरातीसह सहर-इफ्तारचे वेळापत्रक छापून वाटतात. मुंबईत छापलेले असे कार्ड कोणी नागपूरला नेऊन भिंतीवर लावले तर काय होईल? नागपूर मुंबईच्या पूर्वेस आहे; तेथे सूर्य साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो आणि आधी मावळतो. मुंबईच्या कार्डावर विसंबलेला नागपूरकर इफ्तारला उशीर तर करीलच, शिवाय सहरची वेळ संपल्यावरही खात बसेल आणि त्याचा रोजा हातचा जाईल. कार्डात छपाईची चूक एकही नाही. घड्याळही बरोबर आहे. चुकली आहे ती फक्त जोडणी. एका शहराचे वेळापत्रक दुसऱ्या शहराच्या आकाशाला जोडले गेले.

अमेरिकेतील टीव्ही-कार्यक्रमपत्रिकेचा घोटाळा अगदी याच जातीचा आहे.

बाजारपेठ म्हणजे काय?

आपल्याकडे डिशवर एखादी वाहिनी लावली की रत्नागिरीत आणि गोंदियात एका वेळी एकच चित्र दिसते. अमेरिकेत तसे नाही. तेथे एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही मोठी जाळी आहेत. परंतु प्रेक्षकाच्या घरात चित्र पोहोचविते ते त्या शहराचे स्थानिक केंद्र. हे केंद्र जाळ्याचे काही कार्यक्रम घेते आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या बातम्या, स्वतःच्या जाहिराती, स्वतः विकत घेतलेल्या मालिका दाखविते. निल्सन ही प्रेक्षकांची मोजणी करणारी कंपनी आहे. तिने सारा देश २१० बाजारपेठांत वाटला असून प्रत्येक जिल्हा सहसा एकाच बाजारपेठेत टाकलेला असतो. जाहिरातीचे दर या वाटणीवर ठरतात. कार्यक्रमपत्रिकाही हिच्याच आधाराने तयार होतात.

कागदावर ओढलेली ही रेघ हवेतील लहरींना मात्र ठाऊक नसते. न्यू जर्सी राज्याचा मध्यभाग पाहा. येथे भारतीयांची दाट वस्ती आहे आणि त्यात मराठी माणसेही आहेत. प्लेन्सबरो हे गाव मिडलसेक्स जिल्ह्यात येते, म्हणून ते न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत गणले जाते. त्याला लागूनच असलेले वेस्ट विंडसर मर्सर जिल्ह्यात आहे, म्हणून ते फिलाडेल्फियाच्या बाजारपेठेत मोडते. दोन्ही गावे या दोन महानगरांच्या जवळपास मधोमध आहेत. चांगला अँटेना उंचावर बसविला तर दोन्ही गावांत दोन्ही शहरांची केंद्रे पकडता येतात.

म्हणजे प्रत्येक जाळ्याची दोन दुकाने एकाच घरात उघडतात. एबीसीचे न्यूयॉर्कचे केंद्र डब्ल्यूएबीसी क्रमांक ७ वर, तर फिलाडेल्फियाचे डब्ल्यूपीव्हीआय क्रमांक ६ वर. सीबीएसचे डब्ल्यूसीबीएस २ वर आणि केवायडब्ल्यू ३ वर. एनबीसीचे डब्ल्यूएनबीसी ४ वर आणि डब्ल्यूसीएयू १० वर. फॉक्सचे डब्ल्यूएनवायडब्ल्यू ५ वर आणि डब्ल्यूटीएक्सएफ २९ वर. सार्वजनिक वाहिनी पीबीएसचे डब्ल्यूनेट १३ वर आणि डब्ल्यूएचवायवाय १२ वर.

दोन्ही कशाला हवीत, असे कोणी विचारील. मुख्य कारण खेळ. अमेरिकन फुटबॉलचे रविवारचे सामने सीबीएस आणि फॉक्स विभागवार वाटून दाखवितात. पुष्कळ रविवारी न्यूयॉर्कच्या केंद्रावर जायंट्स किंवा जेट्सचा सामना असतो, तर त्याच वेळी त्याच जाळ्याच्या फिलाडेल्फियाच्या केंद्रावर ईगल्सचा. ज्या घरात बाप एका संघाचा आणि मुलगा दुसऱ्या संघाचा, त्या घराला दोन्ही केंद्रे लागतात. दुसरे कारण बातम्या. नोकरी न्यूयॉर्कमध्ये आणि घर फिलाडेल्फियाच्या बाजूला, अशा माणसाला दोन्हीकडच्या रेल्वेची आणि हवामानाची खबर हवी असते.

दारावरची पाटी आणि खरा पत्ता

आता क्रमांकाचा गुंता समजून घेऊ. अमेरिकेत प्रत्येक केंद्राला दोन क्रमांक असतात. एक खरा, म्हणजे ज्या कंप्रतेवर लहरी निघतात त्या चॅनेलचा. दुसरा दर्शनी, म्हणजे जो टीव्हीच्या पडद्यावर दिसतो. दुकानाच्या दारावर जुन्या नावाची पाटी आणि दुकान मात्र दुसऱ्या गल्लीत हललेले, असा हा प्रकार आहे.

याला इतिहास आहे. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले आणि सर्व केंद्रे डिजिटल झाली. या बदलात बहुतेकांना नवे चॅनेल मिळाले. परंतु पन्नास-साठ वर्षे लोकांच्या तोंडी बसलेला क्रमांक सोडावयास कोण तयार होईल? म्हणून प्रक्षेपणाच्या आत एक तक्ता पाठविण्याची सोय करण्यात आली. "आम्हास अमुक क्रमांकाने दाखवा" असे तो तक्ता टीव्हीला सांगतो. नंतर २०१७ मध्ये संपलेल्या लिलावात टीव्हीच्या लहरींचा मोठा भाग मोबाइल कंपन्यांकडे गेला आणि जुलै २०२० पर्यंत शेकडो केंद्रांना पुन्हा जागा बदलावी लागली. आता टीव्हीसाठी २ ते ३६ एवढेच खरे चॅनेल उरले आहेत. पडद्यावर २ म्हणून दिसणारे डब्ल्यूसीबीएस प्रत्यक्षात ३६ वरून येते. डब्ल्यूपीव्हीआय मात्र पाटीवरही ६ आणि प्रत्यक्षातही ६.

डिजिटलमुळे आणखी एक गोष्ट झाली. एका खऱ्या चॅनेलमध्ये अनेक वाहिन्या मावू लागल्या. म्हणून दर्शनी क्रमांकाला पोटक्रमांक जोडला जातो : ७.१, ७.२, ७.३ असा. पहिली सहसा मुख्य वाहिनी आणि बाकीच्या पोटवाहिन्या.

पाटीवरच्या क्रमांकाची किंमत किती असते, याचे उदाहरण याच भागात घडले आहे. नेवाडा राज्यातील एली या गावाचे ३ क्रमांकाचे एक केंद्र त्याच्या मालकाने कोर्टकचेऱ्या करून न्यू जर्सीत आणले. २०१२ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०१४ मध्ये डब्ल्यूजेएलपी या नावाने ते सुरू झाले. मालकाला दर्शनी क्रमांक ३ च हवा होता. परंतु फिलाडेल्फियाचे केवायडब्ल्यू आणि हार्टफर्डचे डब्ल्यूएफएसबी ही दोन्ही केंद्रे ३ हाच क्रमांक वापरीत होती. त्यांनी हरकत घेतली. सरकारी नियामक असलेल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नव्या केंद्रास ३३ क्रमांक दिला आणि शेवटी तोच कायम झाला. एकाच पाटीची दोन दुकाने एकाच रस्त्यावर नकोत, हा व्यापारातील साधा न्याय तेथेही लागू झाला.

कार्यक्रमपत्रिका येते कोठून?

तिचे मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग हवेतूनच. प्रत्येक केंद्र चित्रासोबत आपल्या पुढील कार्यक्रमांची यादीही पाठविते. ही यादी तीन-तीन तासांच्या तुकड्यांत असते. किमान चार तुकडे, म्हणजे बारा तासांची यादी पाठवावी अशी अपेक्षा आहे आणि सोळा दिवसांपर्यंत पाठविण्याची सोय आहे. हा मार्ग फुकट आहे आणि यात जोडणीची चूक होण्याचा संभव फार कमी, कारण यादी त्याच केंद्राच्या लहरींतून येते. दोष इतकाच की कित्येक केंद्रे जेमतेम बारा तासांचेच देतात, काहींचा मजकूर त्रोटक असतो, आणि यंत्र त्या चॅनेलवर गेल्याशिवाय त्याची यादी मिळत नाही. पुढच्या आठवड्याचा कार्यक्रम आज लावून ठेवावयाचा तर एवढ्यावर भागत नाही.

दुसरा मार्ग माहिती विकणाऱ्या कंपन्यांचा. या क्षेत्रातील मोठे नाव म्हणजे ग्रेसनोट, पूर्वीची ट्रिब्यून मीडिया सर्व्हिसेस. २०१७ पासून ती निल्सनकडे आहे. ही कंपनी केंद्रांकडून सुमारे दोन आठवड्यांची सविस्तर यादी गोळा करते आणि प्रत्येक वाहिनीला आपला स्वतःचा ओळखक्रमांक देते. गिऱ्हाइकाने पिनकोड सांगितला की त्या भागाच्या वाहिन्यांचा संच त्याला मिळतो.

अडचण येथेच उभी राहते. प्लेन्सबरोचा पिनकोड दिला की संच येतो तो न्यूयॉर्कचा. अँटेनावर मात्र फिलाडेल्फियाही येत असते. मग पडद्यावर ६.१ दिसते आणि पत्रिकेत त्यासमोर "माहिती उपलब्ध नाही" असे येते. किंवा त्याहून वाईट, तिच्यासमोर न्यूयॉर्कच्या एबीसीची पत्रिका चिकटविली जाते. रिकामी पत्रिका निदान खोटे बोलत नाही. चुकीची पत्रिका ग्राहकाला गाफील ठेवते.

मेळ घालण्याची रीत

दोन घाऊक व्यापाऱ्यांच्या भावयाद्या घेऊन आपला साठा लावणारा दुकानदार जी शिस्त पाळतो, तीच येथे पाळावयाची आहे. आम्ही ती क्रमाने देतो.

पहिली पायरी अँटेनाची. न्यूयॉर्क ईशान्येला आणि फिलाडेल्फिया नैर्ऋत्येला, म्हणजे दिशा एकमेकींच्या जवळजवळ विरुद्ध. एका दिशेचा अँटेना दोन्हींना पुरत नाही. दोन अँटेने लावून त्यांच्या तारा एकत्र जोडल्या तर एकच लहर दोन वाटांनी येऊन स्वतःलाच छेद देण्याचा धोका असतो. म्हणून शक्य असेल तेथे प्रत्येक अँटेनाला वेगळा ट्यूनर द्यावा. मापही लक्षात ठेवावे. चॅनेल ६ ची कंप्रता ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ आहे; त्यासाठी अर्ध्या लहरीची काडी सुमारे पावणेसहा फूट लांब लागते. चॅनेल ३६ ला तीच काडी जेमतेम दहा इंचांची पुरते. बाजारात मिळणारा चपटा, भिंतीवर चिकटविण्याचा अँटेना घेऊन "डब्ल्यूपीव्हीआय येत नाही" अशी तक्रार करणारे गिऱ्हाईक म्हणूनच जागोजागी भेटते. जुन्या काळी रुंद काड्यांचा अँटेना बांधणाऱ्या आपल्या कारागिरांना हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी पायरी नोंदवहीची. प्रत्येक ट्यूनरवर वेगळी शोधमोहीम चालवावी आणि जे सापडेल ते रकान्यांत लिहावे : खरा चॅनेल, दर्शनी क्रमांक, कॉल साइन म्हणजे केंद्राचे सरकारमान्य संक्षिप्त नाव, शहर, आणि लहरींची ताकद. कॉल साइन फार महत्त्वाची. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील नावे सहसा डब्ल्यूने आणि पश्चिमेकडील केने सुरू होतात. फिलाडेल्फियाचे केवायडब्ल्यू हा त्यातला जुना अपवाद आहे.

तिसरी पायरी दोन्ही संच मागविण्याची. एक पिनकोड न्यूयॉर्कच्या बाजूचा आणि एक फिलाडेल्फियाच्या बाजूचा द्यावा. काही यंत्रे एकच पिनकोड स्वीकारतात. तसे यंत्र अशा सीमेवरच्या घरात देऊ नये. खरेदीपूर्वीच ही चौकशी करावी.

चौथी पायरी प्रत्यक्ष जोडणीची. येथे नियम एकच : कॉल साइन आणि दर्शनी क्रमांक दोन्ही जुळले तरच जोडावे. "एबीसी" या नावावर जोडू नये, कारण एबीसी दोन आहेत. केवळ क्रमांकावरही जोडू नये, कारण पोटवाहिन्या जागा बदलतात. नावे तर त्याहून चंचल. २०१४ मध्ये एस्केप नावाने सुरू झालेली पोटवाहिनी २०१९ मध्ये कोर्ट टीव्ही मिस्ट्री झाली आणि २०२२ मध्ये आयॉन मिस्ट्री. जुन्या नावाने शोधणाऱ्याला ती सापडणार नाही, आणि ती बंद पडली असे समजून तो यादीतून काढून टाकील.

पाचवी पायरी दुहेरी नोंदी तपासण्याची. एकच वाहिनी दोन्ही संचांत आली असेल तर एकच नोंद ठेवावी. याउलट एकच पोटवाहिनी न्यूयॉर्कच्या आणि फिलाडेल्फियाच्या अशा दोन केंद्रांवर दिसते. त्या दोन नोंदी वेगळ्याच ठेवाव्यात, कारण मधल्या काही तासांचे कार्यक्रम वेगळे असू शकतात. एटीएससी ३.० या नव्या पद्धतीचे प्रक्षेपण आले आहे, तेथेही काळजी हवी. संक्रमणकाळात एकाच केंद्राचे चित्र जुन्या व नव्या दोन्ही पद्धतींनी येते, आणि नव्या पद्धतीचे चित्र पुष्कळदा दुसऱ्याच केंद्राच्या मनोऱ्यावरून पाठविले जाते. एक प्रचलित नेटवर्क ट्यूनर या नव्या नोंदींच्या क्रमांकात शंभर मिळवितो, म्हणजे ४.१ चे १०४.१ दिसते. दोन्हींना पत्रिका एकच जोडावयाची. शिवाय नव्या पद्धतीतील काही वाहिन्या कुलूपबंद असतात आणि प्रत्येक यंत्रावर उघडत नाहीत, हे ग्राहकाला आधीच सांगावे.

चूक लपते कोठे?

या विषयातील सर्वांत उपयोगी गोष्ट आम्ही आता सांगतो. समजा, डब्ल्यूपीव्हीआयला चुकून न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीची पत्रिका जोडली गेली. कारागिराने रात्री आठ वाजता तपासणी केली. पत्रिकेत जो कार्यक्रम तोच पडद्यावर! सारे ठीक म्हणून त्याने पैसे घेतले आणि तो घरी गेला. परंतु रात्री आठ ते अकरा ही जाळ्याची वेळ आहे. त्या वेळात दोन्ही केंद्रे सहसा एकच कार्यक्रम दाखवितात, आणि म्हणून चुकीची जोडणीही त्या वेळी बरोबर दिसते. सकाळ उजाडते, केंद्रे आपापला स्थानिक कार्यक्रम लावतात, आणि चूक उघडी पडते. तोवर ग्राहकाने लावून ठेवलेले ध्वनिचित्रमुद्रण भलतेच निघालेले असते.

म्हणून तपासणी नेहमी जेथे फरक असतो तेथे करावी. जेथे साम्य असते तेथे करून उपयोग नाही. संध्याकाळी सहाच्या बातम्या पाहाव्यात. डब्ल्यूएबीसीच्या बातम्यांचे नाव आयविटनेस न्यूज आहे आणि डब्ल्यूपीव्हीआयच्या बातम्यांचे ॲक्शन न्यूज. पत्रिकेतील नाव पडद्याशी ताडून पाहावे. दुपारच्या वेळा पाहाव्यात. रविवारचे सामने पाहावेत. हिशेब तपासणाराही जुळलेल्या बेरजेवर समाधान मानीत नाही. जेथे दोन खाती सारख्या रकमांची असतात, तेथेच पावत्या उलटून पाहतो.

घड्याळाचा फरक

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाचे घड्याळ एकच आहे. सर्वत्र असे सुख नाही. शिकागोचे घड्याळ मध्य-अमेरिकेचे, तर इंडियाना राज्यातील साउथ बेंडचे पूर्वेचे, म्हणजे एक तास पुढे. या दोहोंच्या मध्ये असलेल्या मिशिगन सिटीसारख्या गावात घड्याळ शिकागोचे चालते आणि वाहिन्या दोन्हीकडच्या येऊ शकतात. साउथ बेंडच्या केंद्राने "रात्री आठ" म्हटले की तेथे सात वाजलेले असतात.

असाच अनुभव आपल्या देशातही एका शहराने घेतलेला आहे. लाहोरचे टीव्ही केंद्र नोव्हेंबर १९६४ मध्ये सुरू झाले आणि अमृतसरचे दूरदर्शन केंद्र सप्टेंबर १९७३ मध्ये. दोन शहरांत अंतर थोडे. साध्या अँटेनावर सीमेपलीकडचे चित्र दोन्ही बाजूंना दिसे, आणि पाकिस्तानी मालिका अमृतसरच्या घरांत आवडीने पाहिल्या जात. पाकिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. लाहोरच्या पत्रिकेतील आठ म्हणजे अमृतसरचे साडेआठ. हा हिशेब तेथील गृहिणी तोंडी करीत. यंत्राला तो लिहून द्यावा लागतो.

त्यासाठी संगणकाच्या पत्रिकेत वेळ स्थानिक घड्याळाची एकटी लिहिली जात नाही. एक्सएमएलटीव्ही ही मोकळी मांडणी सर्वत्र चालते. तिच्यात प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभाच्या वेळेपुढे जागतिक वेळेपासूनचा फरकही नोंदविता येतो. हवेतून येणाऱ्या पत्रिकेत तर ६ जानेवारी १९८० पासून किती सेकंद झाले ते मोजलेले असते. तेथे गावाच्या घड्याळाचा प्रश्नच उरत नाही. सर्व कार्यक्रम बरोबर एक तास पुढे किंवा मागे दिसू लागले, तर जोडणी उसकटू नये; आधी यंत्राचे घड्याळ आणि पत्रिकेतील हा फरक पाहावा. अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ बदलते, त्या आठवड्यात हे हमखास तपासावे.

फुकटचा माल आणि २००७ चा धडा

व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी एक हकिकत येथे सांगणे आवश्यक आहे. २००२ च्या सुमारास मिथटीव्ही नावाची मोकळी संगणकप्रणाली निघाली. साध्या संगणकाचे कार्यक्रम साठविणारे यंत्र करता येऊ लागले. तिला लागणारी पत्रिका ट्रिब्यूनच्या झॅपटूइट लॅब्ज या सेवेकडून वैयक्तिक वापरासाठी फुकट मिळत असे. हजारो घरांची व्यवस्था या एका दोरीवर टांगलेली होती. २००७ मध्ये कंपनीने जाहीर केले की १ सप्टेंबरपासून ही सेवा बंद.

ज्यांच्यावर हे संकट आले ते नुसती ओरड करीत बसले नाहीत. त्यांच्यातील काही जाणकारांनी एकत्र येऊन शेड्यूल्स डायरेक्ट ही नफा न घेणारी संस्था उभी केली. सभासदांकडून माफक वर्गणी घ्यावयाची, तीतून रीतसर परवान्याने माहिती विकत घ्यावयाची आणि सभासदांना द्यावयाची, अशी तिची रीत. ती संस्था आजही चालू आहे. उलट, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया सेंटर या प्रणालीची पत्रिका २०२० च्या जानेवारीत बंद झाली तेव्हा, ज्यांनी पर्यायी सोय करून ठेवली नव्हती त्यांची पत्रिका कोरी पडली.

धडा आपल्या धंद्यालाही लागू आहे. एकाच पुरवठादाराच्या मेहेरबानीवर उभे राहिलेले दुकान त्याच्या एका नकाराने बसते. दहा-वीस लहान कारागिरांनी मिळून रीतसर माल आणला, तर कोणालाच कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. यंत्रमागवाल्यांपासून फर्निचरवाल्यांपर्यंत सर्वांनी यावर विचार करावा.

आणखी एक. अशी माहिती परवान्याने मिळते आणि वैयक्तिक वापराचा परवाना वैयक्तिक वापरापुरताच असतो. एका सभासदत्वावर पन्नास यंत्रे भरून विकणे हा दुसऱ्याच्या मालावर केलेला धंदा होय. त्यातून आलेल्या कमाईला हलाल कसे म्हणावे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते त्याच्या नावानेच उघडून द्यावे.

कारागिराने काय करावे?

काम घेण्यापूर्वी ग्राहकाला चार प्रश्न विचारावेत. घर कोणत्या दोन शहरांच्या मध्ये आहे? कोणती केंद्रे हवीतच? कार्यक्रम साठवावयाचे आहेत की फक्त पाहावयाचे? यंत्र दोन पिनकोड घेते काय? नुसते पाहावयाचे असेल तर हवेतून येणारी फुकट पत्रिकाच पुरे. त्याच्या गळ्यात वर्गणी बांधू नये.

काम झाल्यावर नोंदवहीची एक प्रत ग्राहकाला द्यावी. कोणता अँटेना कोणत्या दिशेला, कोणत्या क्रमांकाला कोणती कॉल साइन, कोणती वाहिनी पावसाळी हवेत डळमळते, हे तीत स्वच्छ लिहावे. जी वाहिनी भरवशाने येत नाही ती यादीतून काढावी. चाळीस वाहिन्यांची लांबलचक यादी दाखवून त्यांतल्या पंचवीसच चालणे, ही मापातली खोटच आहे. आणि मापातोलाविषयी कुरआनची ताकीद कापडवाल्याला जितकी लागू आहे तितकीच तार जोडणाऱ्यालाही. केंद्रे जागा बदलतात, पोटवाहिन्यांची नावे बदलतात. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा शोधमोहीम घेऊन यादी ताडून पाहावी, आणि या देखभालीचा मोबदला आधी ठरवून घ्यावा.

जे तरुण येथे बसून परदेशी याद्या जुळविण्याचे काम करतात किंवा करू इच्छितात, त्यांनी अमेरिकेचा नकाशा समोर ठेवावा, बाजारपेठांच्या सीमा पाहाव्यात आणि दोन बाजारपेठांच्या मध्ये पडणारी गावे हाताने शोधून काढावीत. संगणक नावावरून नाव जुळवून मोकळा होतो. दोन एबीसींपैकी या घरातली ही कोणती, हे ठरविण्यास सहाच्या बातम्या पाहणारा डोळा लागतो. तो डोळा असलेल्या माणसाला या धंद्यात काम कमी पडणार नाही, इन्शाअल्लाह.